स्टुलावरचा पाढा

ते काही मास्तर नव्हते. द्वारका चौकाजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात औषधखोली सांभाळणारे फार्मासिस्ट होते. त्यांना कुणी कंपाउंडर म्हटलेलं चालत नसे आणि काका म्हटलेलं तर त्याहून नाही. ‘मी तुमच्या वडिलांचा भाऊ आहे का?’ असं तोंडावर विचारत. मास्तर म्हटलेलं मात्र खपवून घेत, कारण दवाखान्यात येणाऱ्या कॅन्सरच्या पोरांकडून ते पाढे म्हणून घ्यायचे. एकोणीस-वीसचे नव्हेत, ज्याच्या त्याच्या आजाराचे.

औषधखोलीला गजांची एक खिडकी होती आणि आतून लाकडी फळी. फळी वर केली की मास्तर दिसत: खिशाला तीन पेनं, तोंडात लवंग आणि चेहऱ्यावर कायमचा वैताग. खिडकीखाली एक लोखंडी स्टूल असे. पोरानं त्यावर चढून उभं राहायचं, म्हणजे तोंडासमोर तोंड येतं. आईबापांनी दोन पावलं मागं. हा त्यांचा नियम होता आणि तो मोडायची सोय नव्हती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल, मी तेरा वर्षांची होते. नाना, म्हणजे माझे वडील, मला घेऊन पहिल्यांदा त्या खिडकीशी गेले. आमची मखमलाबादच्या बाजूला फुलशेती. शेवंती, झेंडू आणि बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. नाना पहाटे फुलबाजार करून तसेच आले होते आणि त्यांच्या सदऱ्याला शेवंतीचा वास येत होता.

“काय हो, तुम्हाला काय झालंय?” मास्तरांनी मला विचारलं. पोरांना ते अहो-जाहो करत. मोठ्या माणसांशी मात्र कसंही बोलत.

नाना मागून म्हणाले, “सायेब, तिला रक्ताचं जरा...”

खाडकन फळी खाली आली. आम्ही दोघं बंद खिडकीकडे बघत राहिलो. दोन मिनिटांनी फळी वर गेली.

“आजार कुणाला झालाय? तुम्हाला?” नानांना विचारलं. नानांनी मान हलवली. “मग ज्यांना झालाय त्या बोलतील. हं, सांगा बाई.”

मला सांगता येईना, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरात ‘दुखणं’ म्हणत. आई तर तेही म्हणत नसे, नुसता हात हलवायची. शेजारणी आल्या की मला आतल्या खोलीत पाठवून कुजबुजत आणि जाताना डोळे पुसत. माझं मरण त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. फक्त मला कळवायचं तेवढं राहिलं होतं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मास्तर म्हणाले, “तुम्हाला रक्ताचा कॅन्सर झालाय. लहान मुलांत जो होतो, तो. औषधानं बरा होतो. सगळ्यांचा होत नाही, पुष्कळांचा होतो. औषध मी देणार, डॉक्टरीणबाई टोचणार. पण तुमचं काम तुम्ही करायचं. पाढा पाठ करायचा.”

आईला हे संध्याकाळी कळलं तेव्हा तिनं चुलीवरची भाजी तशीच सोडून रडायला सुरुवात केली. “पोरीच्या तोंडावर नाव घेतलं त्या मेल्यानं! जीभ कशी झडली नाय?” मला मात्र त्या रात्री कित्येक दिवसांनी नीट झोप लागली.

पाढा दर खेपेला वाढत जाई. “वय तेरा. उंची दीडशे, वजन साडेचौतीस. व्हिन्क्रिस्टीन दर आठवड्याला, पहिले चार आठवडे. पाठीतून सुया बारा. लाल औषध, डॉनोरुबिसिन, छत्तीस मिलिग्रॅम, आठ वेळा. छत्तीस आठे दोनशे अठ्ठ्याऐंशी.” हे शेवटचं तर ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेत. एकदा मी कंटाळून विचारलं, की हेच दोनदा का?

“कारण हे औषध गुणी आहे आणि खोडसाळही आहे. आज आजार मारतं, पुढं वीस वर्षांनी हृदयाला त्रास देऊ शकतं. देईलच असं नाही. पण तेव्हाच्या डॉक्टरला आकडा लागेल. तो कोण सांगणार? मी?”

“तुम्ही वहीत लिहून ठेवा ना.”

“मी किती दिवस आहे? तुम्ही माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त जगणार आहात.” हे ते चिडून म्हणाले, जणू मी काही गाढवपणा केला होता. माझं डोकं तेव्हा तुळतुळीत होतं, तोंडात फोड होते आणि पाणी गिळता येत नव्हतं. मी पुढंमागं म्हातारी वगैरे होणार आहे असं गृहीत धरून माझ्यावर चिडणारा तो पृथ्वीवरचा एकटा माणूस होता.

ही पाढ्याची खोड त्यांना कुठून लागली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. माझ्या आधी हरसूलकडचा एक मुलगा बरा होऊन घरी गेला होता. दीड वर्षानं आजार उलटला म्हणून बाप त्याला घेऊन परत आला. कागद कुठं आहेत विचारलं तर म्हणाला, पत्र्याखाली ठेवले होते, पावसात लगदा झाला. कुठली औषधं दिली होती? “लाल पानी दिलं व्हतं. सुई दिली व्हती.” किती? बापाला काय माहीत! दवाखान्याचे जुने कागद तळघरात होते आणि तळघरात पाणी शिरून सगळं रद्दीत गेलं होतं. डॉक्टरीणबाई तेव्हा नव्या होत्या. त्यांनी अंदाजानं औषध दिलं. तो मुलगा गेला.

“अंदाजानं!” मास्तर म्हणाले आणि त्यांनी लवंग इतक्या जोरात चावली की मला तो आवाज ऐकू आला. “किराणा दुकानदार गूळसुद्धा अंदाजानं देत नाही.” त्यानंतरच्या आठवडे बाजाराला ते हरसूलला गेले आणि त्या बापाला शोधून त्याची माफी मागितली. चूक त्यांची नव्हती. आल्यावर त्यांनी हे स्टूल आणलं.

दवाखान्यात त्यांना विक्षिप्त म्हणत. साहेब लोकांनी त्यांना दोन वेळा लेखी समज दिली होती, आणि ते दोन्ही कागद त्यांनी औषधखोलीच्या भिंतीला खळीनं चिकटवले होते. ‘बिचारी’ हा शब्द खिडकीपाशी उच्चारायला बंदी होती. माझी आत्या एकदा बरोबर आली आणि तो शब्द बोलून गेली, तर तिला बाहेर रिक्षास्टँडपर्यंत जाऊन परत यायला लावलं. आत्या आयुष्यभर त्यांना शिव्या घालत होती.

द्राक्षांचा प्रसंग तर आमच्याकडे अजून सांगतात. सव्वीस जानेवारीला कुठल्याशा क्लबाचे चार-पाच लोक फोटोग्राफर घेऊन आले. बरोबर द्राक्षांच्या पाट्या होत्या, शेतातून थेट आणलेल्या, फवारणीच्या औषधाचा पांढरा थर तसाच. आम्हाला रांगेत बसवलं. ज्या पोरांचे केस गेलेत त्यांना पुढं बसवा, असं फोटोग्राफर म्हणाला. मास्तर औषधखोलीतून बाहेर आले. ते सहसा येत नसत.

“या पोरांना न धुतलेलं काही चालत नाही. माहीत आहे?”

क्लबाचा पुढारी हसून म्हणाला, “अहो, प्रेमानं आणलंय.”

“मग प्रेमानं धुवा.”

त्यांनी बादल्या आणल्या आणि त्या परीटघडीच्या कपड्यांतल्या लोकांना एकेक मणी देठापासून तोडून, तीन पाण्यांतून धुवायला बसवलं. तासभर. त्यातही शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नकोच, कच्चं काहीच नको. तेव्हा मास्तरांनी ती द्राक्षं क्लबाच्या लोकांनाच खायला लावली आणि फोटोग्राफरला म्हणाले, “आता काढा.” आम्ही पोरं इतकी हसलो की एकाची सलाईनची सुई निघाली. पुढच्या वर्षी क्लब आला नाही. त्याचा राग दवाखान्यातल्या साहेबांनी मास्तरांवर काढला.

अडीच वर्षांनी माझे उपचार संपले. शेवटच्या दिवशी मास्तरांनी मला स्टुलावर उभं केलं. आता मी खिडकीपेक्षा उंच झाले होते, मान वाकवावी लागली. मी सगळा पाढा म्हटला. मागं नाना नेहमीसारखे पिशवी छातीशी धरून, जमिनीकडे बघत उभे होते. अडीच वर्षांत त्यांनी त्या खिडकीशी परत एक शब्द काढला नव्हता.

“एक ओळ राहिली,” मास्तर म्हणाले. “म्हणा: मी बरी झाले.”

मी म्हटलं. त्यांनी फळी लावून घेतली. पुढच्या पोराचा नंबर होता, तरी बराच वेळ उघडली नाही.

आणि मग आमच्या घरानं काय केलं, ते ऐका. जी गोष्ट घरात परत यायला नको ती गंगेला सोडायची, ही आमच्याकडची रीत. आईनं तसा नवसच बोलला होता. पुढच्याच सोमवारी नाना माझी फाइल, तपासण्या, एक्स-रे, सगळं लाल फडक्यात बांधून रामकुंडावर घेऊन गेले, नारळ फोडला आणि सोडून दिलं पाण्यात. मी घाटावर उभी होते. मला ते फार छान वाटलं होतं, हे कबूल करते. आता मी इतर मुलींसारखी झाले असं वाटलं.

मास्तरांना हे कुणाकडून कळलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची लुना आमच्या बांधावर. शेवंतीच्या ओळींतून ते तरातरा आले आणि नानांवर ओरडायला लागले. तोडणीच्या बाया हात थांबवून बघत होत्या.

“कागद बुडवले? मुलगी काय बुडवण्यासाठी वाचवली का?”

“पोरीचं लगीन करायचं हाय, मास्तर,” नाना एवढंच म्हणाले. “कागद घरात ऱ्हायला तर उद्या कुनी बघितला म्हंजी?”

“आणि उद्या तिला काही झालं म्हंजी?”

“दवाखान्यात असंल की नक्कल.”

“नक्कल!” मास्तर हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. “दवाखाना पाच-सात वर्षं कागद ठेवतो आणि टाकून देतो. पोरं तेवढी जगणारच नाहीत, असं धरून चाललेत सगळे. तुम्हीसुद्धा. अहो, पोरगं मरताना काय करायचं ते सगळ्या गावाला पाठ असतं. जगलं तर काय करायचं, ते एकालाही माहीत नाही!”

नाना वाकून फुलं तोडायला लागले. मास्तर लुना ढकलत निघून गेले, ती सुरूसुद्धा केली नाही.

मी बावीस वर्षांची झाले तेव्हा स्थळ आलं. आमच्याच जातीतलं, मुलगा सातपूरला कंपनीत, गंगापूर रोडला फ्लॅट. माझी शाळेतली दोन वर्षं वाया गेलेली दिसत होती. सासूबाईंनी विचारलं, तर आई तत्परतेनं म्हणाली, “कावीळ झाली व्हती. लय जोराची.” मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते आणि काहीही बोलले नाही. खोटं बोलणाऱ्यांत मीही होते. इतरांवर राग काढताना हे विसरायचं नाही, असं मी ठरवलंय.

मास्तरांना पत्रिका पाठवली. ती टपालानं परत आली. माझ्या नावाखाली लाल पेनानं लिहिलं होतं: ‘वधूची माहिती अपूर्ण.’

मी तडक द्वारकेला गेले. खिडकीशी रांग होती, ती मोडून पुढं घुसले. “तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही का?”

“स्टुलावर चढा.”

“नाही चढणार! लहान नाही मी. विसरले मी तुमचा पाढा. मला सुखानं जगू द्या.”

“जगा की,” ते म्हणाले. “मी गेली दहा वर्षं तेच म्हणतोय.” आणि फळी खाली. त्या फळीवर मी हातानं दोन दणके दिले आणि निघून आले. लग्नात त्यांची आठवणसुद्धा काढली नाही. पाढा खरंच विसरायचा प्रयत्न केला. प्रयत्न केला की जमतं बहुतेक. ओळी खालीवर होऊ लागल्या, आकडे निसटले, आणि मला बरंच वाटलं.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, “पूर्वी काही मोठा आजार?” शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, “नाही.”

सातव्या महिन्यात दम लागायला लागला. आधी जिने चढताना, मग बसल्या बसल्या. पाय सुजले. सगळ्या बाया म्हणत, पहिलटकरणीला असंच होतं. एका दुपारी मला आडवं होता येईना, बोलता येईना. दवाखान्यात नेलं. नवरा कंपनीत पाळीवर होता. सासूबाई होत्या, आई-नाना धावत आले. मला ऑक्सिजनचा मास्क लावला आणि हाताला सलाईन.

डॉक्टर आईला विचारत होते. “दम्याचा त्रास आहे का? लहानपणी काही मोठं दुखणं? काही औषधं चालू होती? आठवा, महत्त्वाचं आहे.”

आई माझ्याकडे बघत होती, सासूबाई आईकडे. “काय नाय, डॉक्टर,” आई म्हणाली. “कावीळ तेवढी झाली व्हती.”

मी मान हलवली. मास्क ओढायला गेले तर नर्सनं हात धरला. मला ‘लाल’ म्हणायचं होतं. पुढचं आठवतच नव्हतं. छातीवर कुणी बसलंय असं वाटत होतं. मी आईवर, त्या मास्कवर आणि सर्वांत जास्त स्वतःवर इतकी संतापले होते, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्सला वाटलं, घाबरलेय.

तेव्हा दाराशी उभे असलेले नाना पुढं आले. पिशवी छातीशी धरलेली. जमिनीकडे बघत त्यांनी सुरुवात केली, फुलबाजारात भाव पुकारायच्या आवाजात.

“रक्ताचा कॅन्सर. वय तेरा. उंची दीडशे, वजन साडेचौतीस. विन्क्रिस्टीन दर आठवड्याला, पयले चार आठवडे. पाठीतून सुया बारा. लाल अवषद, डानोरुबिसिन, छत्तीस मिलिग्राम, आठ येळा. छत्तीस आठे दोनशे अठ्ठ्याऐंशी.” थोडं थांबले आणि मास्तर म्हणायला लावत तसं परत म्हणाले, “छत्तीस आठे दोनशे अठ्ठ्याऐंशी.” मग, जसं ऐकलं होतं तसंच, “मी बरी झाले.”

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं होतं. “डॉनोरुबिसिन?” त्यांनी विचारलं. “आठ वेळा? नक्की?”

“अडीच वर्सं मागं उभा व्हतो, सायेब.”

डॉक्टर वळले आणि नर्सला म्हणाले, “सलाईन बंद करा आधी. हार्टच्या डॉक्टरांना बोलवा. इको करायचाय, लगेच.”

माझं हृदय थकलेलं होतं. सलाईन तसंच चालू राहिलं असतं तर काय झालं असतं, ते मला नंतर समजावून सांगितलं आणि मी ते इथं लिहीत नाही. गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवडे मला बसवून ठेवलं आणि मग दोन्ही डॉक्टरांनी मिळून मुलगी बाहेर काढली. लहानशी, पण रडली खणखणीत.

सासूबाई त्या दुपारीच बाहेरच्या बाकावर नानांना म्हणाल्या होत्या, “तुम्ही आम्हाला फसवलंत.” नाना म्हणाले, “व्हय.” सबब सांगितली नाही. सासूबाई सहा महिने माझ्या माहेरच्यांशी बोलल्या नाहीत, पण गोळीची वेळ एकदाही चुकू दिली नाही. नवऱ्यानं एकच विचारलं, “मला तरी सांगायचं होतंस.”

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी मास्तरांकडे गेले. निवृत्तीला त्यांना थोडेच महिने उरले होते. त्याच रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर, न सांगता, स्टुलावर चढले. बाळ कडेवर होतं. आता मला खिडकीत डोकावायला पार कमरेतून वाकावं लागलं, आणि मागं दोन-चार आया हसल्या. मी सगळं सांगितलं. नाना कसे पुढं आले, काय काय म्हणाले, तेही.

मास्तर ऐकत होते. लवंग चावणं थांबलं होतं.

“लाल औषध किती वेळा म्हणाले?”

“आठ.”

“गुणाकार केला?”

“दोनदा.”

फळी खाली आली. मी वाट बघत राहिले. आतून एकदा नाक शिंकरल्याचा आवाज आला. रांगेतली पोरं चुळबुळ करायला लागली. मग फळी वर गेली आणि चेहऱ्यावर तोच जुना वैताग.

“तुमच्या नानांना सांगा, माझा राग अजून गेलेला नाही. कागद बुडवायला नको होते.” ते माझ्यामागं दोन पावलांवर उभ्या असलेल्या बापांकडे बघत होते. पिशव्या छातीशी धरून, जमिनीकडे बघत उभे असलेले बाप. “आणि सोमवारी सकाळी नऊला त्यांना इकडं पाठवून द्या. या सगळ्यांना शिकवायचंय.”